खटखट बाईंच्या कॉम्प्युटरातल्या दोघी

आमच्या टायपिंगच्या बाईंची बोटं कधी स्वस्थ बसलीच नाहीत. समोरचा माणूस बोलत असला की त्याचं बोलणं त्या टाईप करत. त्यासाठी टाईपरायटर लागतोच असं नाही. टेबल चाले, मांडी चाले, एसटीतल्या पुढच्या सीटचा दांडा चाले, आणि यातलं काहीच मिळालं नाही तर शेजारच्या बाईची पाठ. कोणाच्या घरी दुःखाच्या प्रसंगी गेल्या की त्या घरच्या बाईला जवळ घेऊन पाठीवर हात ठेवत, आणि आम्हा विद्यार्थिनींना लांबूनही दिसे की सांत्वन मिनिटाला तीस शब्दांनी चालू आहे. माझ्या लग्नात त्यांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा 'सुखी राहा' हे मला अक्षर न् अक्षर कळलं. शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला. गावानं त्यांचं नाव 'खटखट बाई' ठेवलं होतं. ते दारावरच्या पाटीवर रंगवून घ्यायचंच काय ते त्यांनी बाकी ठेवलं होतं.

चिखलीत बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. लाकडी जिना, वर लांबट खोली आणि खोलीत भिंतीला लागून अकरा टाईपरायटर. खाली बियाण्याची पाकिटं घ्यायला आलेला नवखा माणूस छताकडे पाहून विचारी, "गारा पडून राह्यल्या का हो?" दुकानदार न पाहता सांगे, "नाही, मराठी तीसची बॅच आहे."

बाई मूळच्या सोनाळ्याच्या. लग्न होऊन चिखलीला आल्या. यजमान कचेरीत कारकून होते, ते लवकर गेले. त्यानंतर बाईंनी आधी स्वतः टायपिंग शिकून घेतलं आणि मग शिकवायला काढलं. चिखलीत उभं आयुष्य गेलं तरी त्यांची बोली मात्र सोनाळ्याचीच राहिली. चिखलीचे लोक त्यांच्या बोलण्याला हसत, आणि बाई चिखलीच्या लोकांच्या टायपिंगला. हिशेब बरोबरीत सुटे.

मी बारावी झाल्यावर तिथं गेले. पहिल्याच दिवशी बाईंनी माझा उजवा हात उचलून करंगळी दोन बोटांत धरली आणि पोपटाचं पिल्लू तपासावं तशी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाल्या, "वर्षे, करंगळी आळशी असते वं. तिच्यात काही खोट नाही. तिले कोणी काम सांगत नाही, म्हणून ती आळशी झाली." मी घरात चौथी मुलगी. बाई बोटाबद्दलच बोलत होत्या, पण मला ते आपल्याबद्दल वाटलं आणि मी सहा महिन्यांत करंगळीला अशी कामाला लावली की आजही आमच्या कॉलेजच्या ऑफिसात माझ्याइतकं भराभर टाईप करणारं कोणी नाही.

बाईंचं खरं धन म्हणजे त्यांचे उतारे. सरावाच्या पुस्तकातले उतारे त्यांना आवडत नसत. "'शेती हा आपल्या देशाचा कणा आहे' हे पोरीयनं किती वेळा ठोकावं? कणा मोडला त्याचा," असं म्हणून त्यांनी स्वतः उतारे लिहायला घेतले. प्रत्येक उतारा गावातल्याच एखाद्या भानगडीवर असे आणि त्याच्या शेवटच्या ओळीत हसवणारं काहीतरी असे. त्यामागं शिक्षण होतं. "हसू आलं तरी बोट चुकलं नाही पाह्यजे," हा त्यांचा नियम. मी पहिल्यांदा चुकले तेव्हा कागदावर शेवटच्या ओळीत नुसता 'हहहहह' उमटला होता. तो मी टाईप केला नव्हता, हसताना हात कीबोर्डवर पडला होता. बाईंनी तो कागद तपासून त्यावर लाल शेरा मारला : 'प्रामाणिक'.

असे दोन-अडीचशे उतारे होते आणि ते सगळे एका कॉम्प्युटरात होते. बाहेरची टायपिंगची कामं करायला म्हणून बाईंनी एका वकिलांच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप घेतला होता. तो मूळचा पांढरा होता असं म्हणतात. मी पाहिला तेव्हा तो पिकल्या केळ्याच्या रंगाला आला होता. त्यात विंडोजची एक फार जुनी आवृत्ती होती आणि तिच्यावर चालणारं मराठी टायपिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट दुसरीकडे कुठे नेले की मराठीचं असं काही व्हायचं की 'श्रीगणेशा' वाचताना शिवी दिल्यासारखं वाटे. म्हणजे उतारे उघडायचे तर तोच कॉम्प्युटर आणि तीच सिस्टीम. कागदावरच्या प्रती मुलींच्या हाताखाली फाटून गेलेल्या. बाई एकेक उतारा काढून देत आणि ती मुलगी तो झिजवून टाकी.

मशीनवरची परीक्षा बंद झाली तेव्हा टाईपरायटर गेले. वर्ग लहान झाला. पण मुली येतच राहिल्या, कारण आता बाई ऑनलाईन फॉर्म भरून देत. प्रवेशाचे, स्कॉलरशिपचे, भरतीचे. खेड्यातून आलेली मुलगी जिना चढून येई आणि बाई तिचा फॉर्म असा भरत की एका अक्षराची चूक नाही. शिवाय खाली उतरायच्या आत तिच्या करंगळीलाही काम लागलेलं असे. मग एका उन्हाळ्यात, बारावीचा निकाल तोंडावर असताना, त्या कॉम्प्युटरनं फॉर्मचं पान उघडायचं नाकारलं.

बाईंचा मला ऑफिसात फोन आला. "वर्षे, हे डबडं मले म्हणते, तुमचं ब्राउझर फार जुनं झालं. माझ्या तोंडावर म्हणते! कालच्या सात पोरी वापस गेल्या वं."

मी गेले तेव्हा गजूभाऊ आधीच येऊन बसले होते. दोन दुकानं सोडून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माणूस चांगला, पण कोणतंही मशीन उघडण्याआधीच त्याच्या मरणाची बातमी द्यायची त्यांना सवय होती.

"भंगारात द्या, बाई," ते म्हणाले. "नवीन सिस्टीम ह्याले झेपत नाही, अन् जुनी चालत नाही. किती दिवस ओढता?"

"तुमच्या आईचे गुडघे गेले तं बदलून आणली का हो तुम्ही, गजूभाऊ?"

गजूभाऊ चहा प्यायला लागले.

मी म्हटलं, "बाई, ह्याच मशीनमध्ये दुसरी एक सिस्टीम टाकता येते. लिनक्स म्हणतात. हलकी असते, जुन्या मशीनवरही चालते. पहिली आहे तशीच राहते. चालू करताना मशीन विचारतं, आज कोणती पाहिजे?"

बाईंची बोटं टेबलावर चालू होतीच. ती थांबली नाहीत, पण वेग उतरला. "एका घरात दोघी?"

"हो."

"भांडत नाहीत?"

"एका वेळी एकच जागी असते. दुसरी झोपलेली."

"बाप्पा!" बाई म्हणाल्या. "जावाजावा अशा पाळीपाळीनं झोपल्या असत्या तं अर्ध्या घरायतले तंटे मिटले असते. टाक वं. रविवारी टाक."

आता खरं सांगायचं तर हे काम मी आयुष्यात एकदाच केलं होतं, तेही माझ्या लॅपटॉपवर, मोबाईलवर वाचत वाचत. पण बाईंपुढे मी "सोपं असतं" असं म्हणून बसले होते.

रविवारी सकाळी मी दोन पेनड्राइव्ह घेऊन गेले. एकात नवी सिस्टीम भरून आणली होती, दुसरा रिकामा होता. दोन्ही निळे. जाताना हे फार छान दिसत होतं. वीज जाऊ नये म्हणून बाईंनी खालच्या दुकानातल्या इन्व्हर्टरवरून वायर खिडकीतून वर घेतली होती. कूलर भरून ठेवला होता. कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं होतं. फॉर्म भरायला येणाऱ्या तीन मुली बघायला म्हणून ओळीनं बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात चुरमुऱ्याच्या चिवड्याच्या वाट्या होत्या. कामापेक्षा डोहाळजेवणाला आल्यासारखं वाटत होतं.

आधी मी उताऱ्यांचं फोल्डर रिकाम्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. काही झालंच तर एक प्रत हाताशी, म्हणून तो पर्समध्ये ठेवला. मग दुसरा पेनड्राइव्ह लावला. मशीन चालू होताना नेमक्या क्षणी एक बटण दाबायचं असतं, तरच ते पेनड्राइव्हकडे वळतं. मी चार वेळा दाबलं, चारही वेळा उशीर. पाचव्यांदा बाईंनी मला बाजूला सारलं, डोळे मिटले, मशीनच्या पंख्याचा आवाज ऐकला आणि बटण दाबलं. निळा पडदा आला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण मशीननं पेनड्राइव्ह ओळखलाच नाही.

"जुनं आहे, वेगळ्या पद्धतीनं भरून द्यावं लागते," खालून गजूभाऊ ओरडले. त्यांना वरचं सगळं ऐकू येत होतं, कारण ते सकाळपासून जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. मशीनमधला पेनड्राइव्ह काढून मी पर्समध्ये टाकला होता, तोच म्हणून एक काढून त्यांना दिला. पंधरा मिनिटांत त्यांनी तो पुसून, नव्यानं भरून आणून दिला. मी कोणता दिला, हे मी पाहिलं नाही. दोन्ही निळे होते.

या वेळी मशीननं ओळखला. पुढचे दोन तास नुसता सण होता. हार्ड डिस्कचा एक हिस्सा नव्या सिस्टीमसाठी मोकळा करायचा होता. स्क्रीनवर एक लांब पट्टी आली आणि तिच्यावरची रेघ मी सरकवायला लागले, तर बाईंनी माझं मनगट धरलं. "भिंत थोरलीच्या खोलीतून जाऊन नाही ना राह्यली?" तेव्हापासून जुनी सिस्टीम थोरली आणि नवी धाकली. मुलींनीही ते लगेच उचललं. "धाकली किती टक्के आली?" "बासष्ट." "अडली का?" "नाही नाही, जोर लावून राह्यली." एक मुलगी खाली जाऊन गजूभाऊंना टक्के सांगून येई आणि ते जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगत. शंभर झाले तेव्हा खालचे दुकानदारही वर आले. बाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. आता यादी यायला हवी होती. थोरली की धाकली, म्हणून विचारणारी. यादी आली नाही. मशीन सरळ धाकलीत गेलं. सुंदर, जांभळट, लखलखीत. मी परत बंद केलं, परत चालू केलं. परत धाकलीच.

"थोरली कोठी गेली?" बाईंनी विचारलं.

"असेल ना," मी म्हटलं. "आणि नसली तरी ती पुन्हा टाकता येते, उतारे आहेत माझ्याकडे." मी पर्समधून दुसरा पेनड्राइव्ह काढून लावला. उघडला. त्यात मी घरून भरून आणलेली नवी सिस्टीम होती. आणि मशीनला लावलेल्या, गजूभाऊंनी पुसून दिलेल्या पेनड्राइव्हवरही नवी सिस्टीमच होती.

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी खुर्चीवर बसले ते बसलेच. बाईंची प्रत मी माझ्या हातानं पुसायला दिली होती.

मी जे झालं ते सांगितलं. आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, बाईंची बोटं थांबली होती. दहाच्या दहा, मांडीवर, उताणी. ते पाहून मला रडू फुटलं. मुली चिवड्याच्या वाट्या हातात धरून जमिनीकडे बघत राहिल्या.

बाई म्हणाल्या, "वर्षे, बाजूले होऊन रड. कीबोर्डात पाणी गेलं तं धाकलीही जाईन."

एका मुलीच्या तोंडून चुरमुरे उडाले. मी रडता रडता हसले आणि हसता हसता उचकी लागली.

"आता मले सांग," बाई म्हणाल्या, "थोरली मेली का झोपली?"

कोणी घाबरून विचारलं असतं तर मला सुचलं नसतं. पण त्यांनी असं विचारलं की जणू शेजारच्या खोलीत जाऊन बघून यायचं आहे. मी डोळे पुसले आणि मोबाईलवर शोधायला लागले. दहा-बारा मिनिटं वाचलं. लोकांना हेच झालं होतं. बहुतेकांची जुनी सिस्टीम जागेवरच होती. फक्त दारावरच्या यादीत तिचं नाव चढलं नव्हतं. नव्या सिस्टीमला सांगायचं की आजूबाजूला बघ, अजून कोणी आहे का, आणि असेल तर यादीत घे. पण ते सांगायचं बटण नव्हतं. काळ्या खिडकीत इंग्रजीतून लिहून सांगावं लागत होतं.

मी ती खिडकी उघडली. काळा पडदा, वर एक लुकलुकती खूण. मी टाईप करायला लागले, पण बोटं चुकत होती. एकदा स्पेस राहिली, एकदा अक्षर उलटं पडलं. दर चुकीला मशीन एक कोरडी ओळ फेकून देई. चौथ्या चुकीला बाईंनी माझ्या खांद्यावर दोन टिचक्या मारल्या. वर्गात त्याचा अर्थ 'ऊठ' असा होता.

त्या बसल्या. माऊस उचलून त्यांनी एका मुलीच्या हातात दिला. "हा उंदीर धर. सोडू नको." मग पाठ ताठ केली, बोटं कीबोर्डवर ठेवली. "तू नुसतं सांग."

"सुडो," मी म्हटलं. "एस, यू, डी, ओ."

"हे कोण?"

"म्हणजे मालकाच्या हुकमानं."

"मालकिणीच्या," बाई म्हणाल्या, आणि टाईप केलं.

मी सांगत गेले, त्या ठोकत गेल्या. एका फायलीत एक लांबलचक ओळ घालायची होती, सगळी मोठी इंग्रजी अक्षरं आणि प्रत्येक शब्दानंतर खालची रेघ. ती खालची रेघ शिफ्ट दाबून उजव्या करंगळीनं मारावी लागते. बाईंच्या करंगळीनं ती अशी मारली की मला माझी पहिली बॅच आठवली. मध्येच मशीननं पासवर्ड मागितला, सकाळी बाईंनीच ठरवलेला. मी घाईनं म्हटलं, "बाई, इथं टाईप केलेलं दिसत नाही, टिंबसुद्धा येत नाही, घाबरू नका..."

"काय दिसत नाही?" त्यांनी विचारलं. पासवर्ड त्यांनी केव्हाच मारून टाकला होता. स्क्रीनकडे बघून टाईप करणं त्यांना माहीतच नव्हतं. त्या खिडकीतून बाहेर, समोरच्या कडुनिंबाकडे बघत होत्या.

यादी नव्यानं बनवायचा शेवटचा हुकूम एका ओळीचा होता. 'अपडेट', मध्ये आडवी रेघ, 'ग्रब'. बाईंनी एंटर मारलं. पडद्यावर ओळी चढायला लागल्या. एक, दोन, तीन. मी त्या वाचत होते आणि मला काही अर्थ लागत नव्हता. मग 'फाउंड' असा शब्द असलेली ओळ आली आणि तिच्यापुढे विंडोजचं नाव.

"सापडली!" मी किंचाळले.

"जिवंत?" जिन्यातून गजूभाऊ.

"झोपली होती!" तिन्ही मुली एकदम.

मशीन परत चालू केलं. काळ्या पडद्यावर यादी. वर धाकली, खाली थोरली, आणि कोपऱ्यात उलटे चालणारे दहा सेकंद. बाईंनी ते आकडे उतरताना पाहिले आणि म्हणाल्या, "दहा सेकंद विचार करू देते! माझ्या लग्नात मले एवढा टाईम कोणी देल्ला नव्हता." मग बाणाचं बटण दाबून थोरलीवर आल्या. एंटर.

थोरली उठायला नेहमीइतकाच वेळ लागला. पण उठली. फोल्डर होतं. उतारे होते, सगळे. बाईंनी मधलाच एक उघडला आणि उभ्या राहून, सभेत वाचावा तसा मोठ्यानं वाचला :

"ठाणेदार ढवळे यांनी ढोकळा खाऊन ठणठणीत ढेकर दिला. ढेकर ठाण्यातील ढोलासारखा घुमला. कोठडीतील चोराने विचारले, साहेब, मलाही ढोकळा मिळेल काय? साहेब म्हणाले, आधी चोरी कबूल कर. चोर म्हणाला, साहेब, चोरी ढोकळ्याचीच केली होती. आपण मुद्देमाल खाल्ला."

हा उतारा 'ठ' आणि 'ढ'साठी होता. मी तो अठराव्या वर्षी टाईप केला होता. पण त्या दुपारी गजूभाऊ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होते, दुकानदार भिंतीला टेकले होते, आणि ज्या मुलीच्या हातात माऊस दिला होता तिनं तो अजून सोडला नव्हता. मी आधी त्या फोल्डरच्या तीन प्रती केल्या. एक गजूभाऊंकडे, एक माझ्याकडे, एक बाईंच्या देवघरात. पेनड्राइव्ह घेतले ते लाल, हिरवा आणि पिवळा.

त्यानंतरच्या बाई पाहण्यासारख्या होत्या. फॉर्म धाकलीवर भरले जात, सातही मुली परत आल्या, त्यांच्या मैत्रिणीही आल्या. पण बाईंचा जीव जडला तो त्या काळ्या खिडकीवर. "हे तं टायपिंगच आहे वं! इतके दिवस काऊन नाही सांगितलं? मी त्या उंदराच्या मागं धावून राह्यली होती." माऊस त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून दिला. फायली उघडणं, हलवणं, नावं बदलणं, सगळं हुकमानं. हुकूम पाठ करायला त्यांनी वही घातली. काही दिवसांनी मी गेले तर गजूभाऊ विद्यार्थ्यांच्या बाकावर बसलेले, आणि बाई त्यांच्या करंगळीला नावं ठेवत होत्या.

"शिकून राह्यलो," गजूभाऊ लाजून मला म्हणाले. "ह्याले किती जुनं मशीन चालते, बाईंनी दाखवलं. माझ्या दुकानात आठ पडले होते भंगारात."

त्यातली तीन त्यांनी धाकली घालून बाईंच्या वर्गात आणून ठेवली. बाईंचा वर्ग पुन्हा वाजायला लागला. टाईपरायटरइतका नाही, पण खालच्या दुकानात आलेले लोक परत वर बघायला लागले, एवढा तरी.

असं दोन वर्षं चाललं. मग सोनाळ्याहून भावाचा निरोप आला. भावजय अंथरुणाला खिळली होती, घरात बाईमाणूस नव्हतं. बाई म्हणाल्या, "जातो वं आता. तिथं दहावीच्या पोरी फारम भरासाठी मोटारसायकलवर तीन-तीन जणी बसून जातात. तेही पाहता येईन." त्यांनी निर्णय सांगितला तो असा, की त्यावर रडायला जागाच राहिली नाही. गजूभाऊंची तीन मशीनं त्यांनी माझ्या हवाली केली. रविवारची बॅच मी चालवते असं त्यांनी परस्पर मुलींना सांगूनही टाकलं होतं. ती आजही मी चालवते. जुनं मशीन मात्र त्या स्वतः घेऊन निघाल्या.

चिखली बसस्टँडवर खामगावची गाडी लागली. पुढे खामगावहून गाडी बदलून सोनाळा. मशीनचं खोकं गोधडीत गुंडाळून बाईंनी मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "आजी, सामान मागं ठेवा." बाई म्हणाल्या, "ह्याच्यात दोन-अडीचशे माणसं आहेत. मागं कशी ठेवू?" त्यानं एकदा खोक्याकडे, एकदा बाईंकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गंभीरपणे मान हलवली. तो पुढे गेला आणि येताना ड्रायव्हरला काहीतरी सांगून आला. ड्रायव्हरनं आरशातून बाईंकडे बराच वेळ पाहिलं.

गाडी सुटली. गर्दीतून वळण घेताना बाईंनी खिडकीतून डोकं काढलं आणि मला ओरडून काहीतरी सांगितलं. शेजारच्या गाडीचा हॉर्न, फेरीवाल्यांचा गलका. मला एक अक्षर कळलं नाही. पण त्या उत्तराची वाट बघत होत्या, म्हणून मी दोन्ही हात वर करून जोरात होकार दिला, "हाव!" त्यांचं समाधान झालेलं दिसलं. डोकं आत गेलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पोचल्या, मशीन चालू झालं, गल्लीतल्या चार पोरी येऊनही गेल्या. मी विचारलं, "बाई, काल खिडकीतून काय सांगत होत्या?"

"काल? आठवत नाही वं. पण तुनं हाव म्हटलं ना? मंग झालं."

पुढे दर फोनला मी विचारायची आणि दर वेळी त्या नवीन काहीतरी सांगायच्या. एकदा म्हणाल्या, तुझ्या ओढणीचं टोक चिखलात लोळून राह्यलं होतं. एकदा म्हणाल्या, कंडक्टरचं लग्न झालं का विचार, सोनाळ्यात एक पोरगी आहे. एकदा म्हणाल्या, आता तू कबूल केलंच आहे तं सांगून काय उपयोग, करावंच लागते. आम्ही दोघी फोनवर इतक्या हसायचो की माझ्या ऑफिसातले लोक दार लावून घ्यायचे.

बाई गेल्या वर्षी गेल्या, पोळ्याच्या चार दिवस आधी. त्याच्या आदल्या आठवड्यात आमचं शेवटचं बोलणं झालं. वर्गातल्या एका मुलीनं लिहिलेला नवा उतारा मी त्यांना वाचून दाखवला, शेवटच्या ओळीला त्यांना ठसका लागला, मग मला लागला, आणि त्या नादात विचारायचं राहून गेलं.